जे परवडत नाही ते देखणं: बाईच्या सौंदर्याची तीस हजार वर्षं

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. औषध मधुमेहाच्या आणि लठ्ठपणाच्या रुग्णांसाठी, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. पण लग्नसराई जवळ आली की ‘तीन महिने आहेत हातात, आठ किलो उतरवायचेत, घेतलं तर चालेल का?’ असं विचारणाऱ्यांची कमी नाही.

आता हाच विषय घरातल्या आजीपुढे काढून बघा. तिच्या काळी ‘तब्येत सुधारली हो!’ हे कौतुक होतं. पहिल्या दिवाळसणाला माहेरी आलेली लेक बारीक दिसली की आईचा जीव खालीवर व्हायचा, सासरी पोटभर मिळत नाही की काय? अंगावर मूठभर मांस चढलेलं दिसलं की घर निर्धास्त. त्याच घरातली नात आज ‘तब्येत सुधारली’ ऐकलं की जेवण सोडते.

दोन पिढ्यांत एवढी उलटापालट होत असेल, तर माणूस गुहेत राहायचा तेव्हापासून आजवर काय काय झालं असेल? आणि देखणं कोण, हे ठरवतं तरी कोण? सुरुवातीपासून बघू.

मुठीत मावणारी बाई

१९०८ साली ऑस्ट्रियात, डॅन्यूब नदीकाठच्या विलेनडॉर्फ गावाजवळ खोदकामात चुनखडीची एक मूर्ती सापडली. उंची जेमतेम अकरा सेंटीमीटर. वय पंचवीस ते तीस हजार वर्षं. आज ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे आणि जगातल्या जवळपास प्रत्येक कला-इतिहासाच्या पुस्तकात तिचा फोटो असतो.

ती नीट बघण्यासारखी आहे. स्तन मोठे, ओघळलेले. पोट सुटलेलं, बेंबी स्पष्ट. मांड्या जाड. हात मात्र काडीसारखे, स्तनांवर टेकवलेले, चटकन दिसतही नाहीत. डोक्याभोवती वेण्यांचे किंवा विणलेल्या टोपीचे वेढे, आणि त्याखाली चेहराच नाही. पावलंही नाहीत, त्यामुळे ती उभी राहत नाही. दगडाच्या खाचांत गेरूचा तांबडा अंश अजून आहे. २०२२ मध्ये या दगडाचा बारकाईनं अभ्यास झाला तेव्हा तो बहुधा उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराच्या परिसरातला असल्याचं दिसलं. म्हणजे हा दगड, किंवा घडवलेली मूर्तीच, कुणीतरी शेकडो किलोमीटर सोबत वागवली होती.

जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ मध्ये मिळालेली मूर्ती तर याहून जुनी, किमान पस्तीस हजार वर्षांपूर्वीची, मॅमथच्या सुळ्यात कोरलेली. तिच्या डोक्याच्या जागी नुसती कडी आहे, गळ्यात दोरीनं अडकवण्यासाठी असावी तशी.

म्हणजे तेव्हा जाड बायका सुंदर समजल्या जायच्या?

सगळीकडे हेच वाचायला मिळतं, आणि इथेच जरा थांबायला हवं. या मूर्तींना ‘व्हीनस’ हे रोमन सौंदर्यदेवतेचं नाव आपल्या काळातल्या विद्वानांनी दिलं. घडवणाऱ्याच्या मनात सौंदर्य होतं की आणखी काही, हे त्या नावावरून कळत नाही.

काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की या मूर्ती बायकांनी स्वतःकडे बघून घडवल्या. आरसा नव्हता. मान खाली घालून स्वतःचं शरीर पाहिलं तर स्तन आणि पोट मोठं दिसतं, पाय निमुळते होत जातात, पावलं पोटाआड जातात आणि चेहरा दिसतच नाही. मूर्तीशी हे बरंच जुळतं. २०२० मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आला. मूर्तींची मापं घेणाऱ्या संशोधकांना दिसलं, की हिमनद्यांच्या जवळ सापडलेल्या मूर्ती जास्त स्थूल आहेत, दूरच्या कमी. त्यांचा अर्थ असा, की थंडी आणि उपासमारीच्या काळात गरोदर बाईनं आणि पोटातल्या बाळानं तगून जावं म्हणून अंगावर चरबी असणं ही इच्छा होती. आणि सगळ्याच मूर्ती जाड नाहीत, हेही विसरू नये. सैबेरियातल्या माल्टा इथल्या बऱ्याच मूर्ती सडसडीत आहेत, काहींच्या अंगात चक्क कपडे कोरलेत.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीतल्या एका घरात मातीची पेटी मिळाली. तिच्यासोबत डोकं नसलेली, कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. पूजेसाठी घडवलेल्या त्या मूर्तीवरून इनामगावच्या तरुणांना कशी बायको हवी होती, हे काढायला गेलं तर फसगत होईल. उद्या हजारो वर्षांनी कुणाला पेणच्या कारखान्यातल्या तेवढ्या गणेशमूर्ती मिळाल्या, तर ‘या लोकांना मोठे कान आणि सोंड देखणी वाटायची’ असं ते लिहितील, त्यातला प्रकार.

म्हणून प्रागैतिहासिक काळाबद्दल एवढंच खात्रीनं म्हणता येतं, की भरलेलं शरीर त्या लोकांना महत्त्वाचं वाटत होतं. सुंदर वाटत होतं की शुभ, की दोन्ही, हा निकाल मूर्ती देत नाही.

‘महागडा संकेत’ म्हणजे काय?

लिखित इतिहास सुरू झाल्यावर मात्र एक सूत्र बऱ्यापैकी दिसायला लागतं. त्याला ‘महागडा संकेत’ म्हणू: अशी खूण, जी मिरवणं सगळ्यांना परवडत नाही. खूण बघितली की समोरचा घर-घराणं, पैसा, रिकामा वेळ यांचा अंदाज बांधतो, आणि हळूहळू ती खूणच देखणी वाटू लागते.

जिथं पोटभर खायला मिळणं हीच चैन, तिथं गुबगुबीत बाई सुंदर. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशाच्या वाळवंटी भागात लग्नाच्या वयाआधी मुलींना बळजबरीनं दूध आणि कण्या पाजून-चारून जाड करण्याची प्रथा आहे. आठव्या शतकातल्या चीनच्या तांग सम्राटाची लाडकी यांग ग्वेफेई अंगानं भरलेली म्हणून प्रसिद्ध होती. सतराव्या शतकात युरोपातल्या रुबेन्स या चित्रकारानं रंगवलेल्या बायकांच्या अंगावरच्या वळ्या त्यानं लपवल्या नाहीत, उलट हौसेनं रंगवल्या. याउलट जिथं वडापाव, बिस्किटं आणि गोड चहा सर्वांत स्वस्त, तिथं बारीक राहायला पैसा लागतो: जिम, प्रथिनं, स्वयंपाकाला वेळ, चालायला मोकळा रस्ता. तिथं सडपातळपणा देखणा.

ही नुसती कल्पना नाही. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या भोजनगृहाशी उभं राहून संशोधकांनी तरुणांना बायकांची छायाचित्रं दाखवली. आत जाणाऱ्या भुकेल्या मुलांनी जरा जास्त वजनाच्या बायकांना पसंती दिली, जेवून बाहेर पडणाऱ्यांनी त्यापेक्षा बारीक बायकांना. तासाभरात पोटाबरोबर आवड बदलते म्हटल्यावर शतकांत बदलेल यात नवल ते काय?

ऊन तेच, अर्थ उलटा

सर्वांत मजेशीर उदाहरण रंगाचं. युरोपात शतकानुशतकं पांढरीफटक कातडी मानाची होती, कारण शेतात राबणारी बाई उन्हानं रापायची. या पांढरेपणासाठी बायका पांढऱ्या शिशाचा लेप थापायच्या. शिसं विषारी. इंग्लंडमधली नावाजलेली सुंदरी मारिया, काउंटेस ऑफ कोव्हेंट्री, १७६० साली ऐन तारुण्यात गेली ती या लेपामुळेच, असं मानलं जातं.

मग कारखाने आले. गोरगरीब बंद गिरणीत आणि धुरकट चाळीत फिकट पडू लागले, आणि समुद्रकाठी सुट्टी घालवणं श्रीमंतांना जमू लागलं. १९२० च्या दशकात चित्र पालटलं: रापलेली कातडी म्हणजे ‘ही सुट्टीवर जाऊन आली’. आजही युरोपातल्या बायका गोव्याच्या किनाऱ्यावर मुद्दाम उन्हात पडून असतात आणि त्याच वेळी त्यांच्या मागून आपल्या बायका स्कार्फनं तोंड गुंडाळून स्कूटीवर जातात.

आपल्याकडे गोरेपणाचं वेड कायमचं होतं, असंही नाही. महाभारतातली सर्वांत देखणी नायिका द्रौपदी सावळी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर राण्या, राजकन्या, दासी सावळ्या, तांबूस, पिवळसर अशा नाना छटांत आहेत, आणि राणी म्हणजे गोरीच असा नियम तिथं दिसत नाही. पण जात, शेतातलं काम आणि पुढे गोऱ्या साहेबाचं राज्य यांनी मिळून गोरेपणाला भाव चढवला. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ ही वधूच्या जाहिरातीतली त्रिसूत्री आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० मध्ये टीका वाढल्यावर तिचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं आणि शादी डॉट कॉमनं रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली.

तरीही शिशाच्या लेपाची गोष्ट आपल्याकडे पाऱ्याच्या रूपात सुरूच आहे. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून तो काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये चोरून घातला जातो. तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी अशा विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरली होती. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना त्रास झाला, तेव्हाही क्रीममध्ये पारा निघाला. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि घटकांची यादी नसलेली क्रीम कुणी ‘आठ दिवसांत फरक’ म्हणून देत असेल, तर ती घरात आणू नये. वापरत असाल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसला, तर त्वचेच्या नाही, मूत्रपिंडाच्या तपासणीला जायला हवं.

दुखलं तरी चालेल

चीनमध्ये साधारण दहाव्या-अकराव्या शतकापासून मुलींचे पाय बांधायची चाल पडली. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या पायाची अंगठ्याव्यतिरिक्तची बोटं तळव्याखाली मुडपून घट्ट पट्टी बांधायची, हाडं मोडेपर्यंत. आदर्श पाऊल दहा सेंटीमीटरचं. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकानं बंदी घातली तरी खेड्यांत ती बरीच वर्षं रेंगाळली. वरवर पाहता हा महागड्या संकेताचा कळस: हिला चालायचीही गरज नाही, एवढं आमचं घर मोठं. पण अलीकडच्या संशोधनात गरीब घरांचाही हिशोब लागला. पाय बांधलेली मुलगी एका जागी बसते, आणि बसली की सूत काढते, विणते. गिरणीचं स्वस्त सूत आलं, घरच्या सुताला किंमत उरली नाही, आणि त्या भागांत पाय बांधणंही मागे पडलं. सौंदर्याच्या नावाखाली मजुरी वसूल होत होती, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

जपानी सरदार घराण्यांत दात काळे करणं सौंदर्याचं लक्षण होतं. सरकारनं १८७० मध्ये उमरावांना ते बंद करायला लावलं आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. हसू नका, आपल्याकडेही दातवण लावून दात काळे करणाऱ्या पणज्या होत्या. अमेरिकेत बायकांच्या काखेतले केस ‘नकोसे’ ठरले ते साधारण १९१५ पासून, बिनबाह्यांच्या फॅशनबरोबर. त्याच वर्षी जिलेटनं खास बायकांसाठी वस्तरा काढला. आधी लाज, मागोमाग वस्तरा.

कार्ले ते मळवली

आदर्श पसरतो कसा, हे बघायला पुण्या-मुंबईच्या वाचकाला लांब जायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत, दारांच्या मधल्या भिंतींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या बायका अघळपघळ आहेत. रुंद खांदे, रुंद कंबर, भारी नितंब, जाड मेखला, पायात वजनदार वाळे. अंग चोरून कुणी उभी नाही. पुरुष त्यांच्याइतकेच धिप्पाड. ही शिल्पं बघायला कार्ल्यापर्यंत जावं लागायचं. ज्यानं पाहिली त्यानं पाहिली.

तिथून खाली उतरलं की मळवली. १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आपला छापखाना राजा रविवर्म्यानं काही वर्षांनी इथं हलवला. या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला हजारोंच्या संख्येनं रंगीत छापून बाहेर पडल्या. गोल गोरा चेहरा, मोठे डोळे, चापूनचोपून नेसलेली साडी. चित्रं देवघरात गेली, दिवाणखान्यात गेली, त्यांच्या नकला कॅलेंडरांवर आणि काडेपेट्यांवर गेल्या. पहिल्यांदाच रत्नागिरीतल्या आणि नागपुरातल्या घरात सुंदर बाईचा एकच चेहरा टांगला गेला. ‘अगदी लक्ष्मीसारखी दिसते’ म्हणताना डोळ्यांपुढे जी लक्ष्मी येते, ती बहुतेक मळवलीची असते. चित्रकाराचा यात दोष नाही. पण हजार गावांत हजार तऱ्हेच्या देवी होत्या, त्यांच्यावर छापील चेहरा चढत गेला, एवढं खरं.

पण काही गोष्टी निसर्गानंच ठरवल्यात ना?

ही शंका रास्त आहे. भारतीय वंशाचे मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत मांडलं, की वजन कमी-जास्त असलं तरी पुरुषांना कंबर आणि नितंबांच्या मापाचं गुणोत्तर ०.७ च्या आसपास आवडतं. सोपं करून सांगायचं तर नितंब ४० इंच असतील तर कंबर २८. हे प्रजननक्षमतेचं लक्षण म्हणून मेंदूत पक्कं बसलंय, असं त्यांचं म्हणणं. पुढे पेरूच्या जंगलातल्या, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेल्या मात्सिगेन्का लोकांना तशीच चित्रं दाखवली, तर त्यांना बारीक कंबरेची बाई आजारी, अशक्त वाटली. टांझानियातल्या हाड्झा शिकाऱ्यांचं मतही अमेरिकेशी जुळलं नाही.

तरी नितळ त्वचा, तरुणपण, आरोग्याची टवटवी या गोष्टी बहुतेक समाजांना आवडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. निसर्ग एवढी ढोबळ चौकट देतो. दहा सेंटीमीटरचं पाऊल, काळे दात आणि ‘झीरो फिगर’ ही त्याची मागणी नाही.

‘पुरुषांनाही हे सोसावं लागतंच की’ असंही कुणी म्हणेल. लागतं. फ्रान्सचा चौदावा लुई उंच टाचांचे बूट घालायचा आणि आजच्या मुलांना सिक्स-पॅक हवेत. पण बाईला शतकानुशतकं स्वतःची मिळकत नव्हती, लग्न हेच पोटापाण्याचं साधन होतं. तिच्या रूपावर तिची भाकरी अवलंबून होती. कांदेपोह्यांचा ट्रे मुलीच्याच हातात असतो, यातच आलं सगळं.

तीन वर्षांत काय होतं: फिजी

फिजी बेटांवर धष्टपुष्ट शरीराची आवड होती. वजन उतरलं की शेजारीपाजारी काळजी करायचे. नड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींशी बोलून नोंदी केल्या. वजन घटवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हत्या. १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. ७४ टक्के मुली म्हणाल्या, आपण कधी ना कधी फार जाड आहोत असं वाटतं. नमुना लहान होता, दोन्ही वेळा साठ-पासष्ट मुली, पण दिशा बघा. मुली म्हणत होत्या की टीव्हीतल्या बायकांसारखं दिसलं तर तशी नोकरी, तसं आयुष्य मिळेल. त्यांनी खूण बरोबर वाचली होती.

‘आता तर सगळंच सुंदर मानतात’

जाहिरातींत आता सावळ्या, जाड, पांढऱ्या केसांच्या बायका दिसतात आणि ते चांगलंच आहे. पण फोनमधला फिल्टर काय करतो बघा: नाक बारीक, त्वचा गुळगुळीत, डोळे मोठे, रंग एक छटा उजळ. खोड जुनी आहे. प्राचीन इजिप्तची राणी नेफर्टिटी हिच्या, आता बर्लिनमध्ये असलेल्या प्रसिद्ध अर्धपुतळ्याचं सीटी स्कॅन झालं, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. वरच्या गुळगुळीत लेपाखाली चुनखडीचा दुसरा चेहरा आहे: नाकावर किंचित उंचवटा, तोंडाच्या कडांना सुरकुत्या. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कारागिरानं तो बुजवला. फरक इतकाच, की तेव्हा ही सोय राणीला होती, आज सातवीतल्या मुलीला आहे. ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकी ‘व्होग’मधल्या एका जाहिरातीत तर मॉडेल माणूसच नव्हती, संगणकानं तयार केलेली होती. तिच्यासारखं दिसणं कुणालाच परवडणारं नाही, अगदी कोट्यधीशालाही.

मग इंजेक्शनांनी काय होईल?

मौंजारो भारतात आलं तेव्हा आठवड्याच्या एका कुपीची किंमत मात्रेनुसार ३,५०० आणि ४,३७५ रुपये होती. महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. म्हणजे बारीक असणं हा तेव्हा चांगलाच महाग संकेत होता. पण वेगोवीमधल्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांना स्वस्त आवृत्त्या काढायची मुभा. बारीक होणं सगळ्यांच्या आवाक्यात आलं, की नुसत्या बारीकपणाचा भाव उतरेल, असं हे सूत्र सांगतं. झपाट्यानं वजन उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, गाल बसतात. तेव्हा पुढची मागणी असेल पिळदार दंडांची आणि भरलेल्या गालांची, म्हणजे पुन्हा ट्रेनर, प्रथिनं, फिलर. जिमच्या जाहिरातींत ती दिसायला लागलीही आहे.

ज्यांना लठ्ठपणाचा आजार आहे त्यांच्यासाठी ही औषधं मोठा आधार आहेत, आणि त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं जरूर घ्यावीत. लग्नापुरतं तीन महिने घेऊ म्हणणाऱ्यांसाठी मात्र एक आकडा: सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा लग्नाचे ब्लाउज शिवताना टेलरला आत दोन इंच माया ठेवायला सांगा.